जगण्याचा निरोप

[दृश्य : जालना जिल्ह्यातलं कपाशीचं शेत. सरीत गळालेल्या पात्यांचा, म्हणजे कळ्यांचा सडा.]

वरून कपाशी ठणठणीत हिरवी. खाली बघा, पातेगळ झालीय. पाऊस ओढ देतो किंवा पाणी तुंबतं, तेव्हा देठातून जाणारं ऑक्सिन हे वनस्पतीचं संप्रेरक कमी पडतं. देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर सैल होतो आणि पातं सुटतं. म्हणून शेतकरी दहा लिटर पाण्यात चार-साडेचार मिली एनएए (कृत्रिम ऑक्सिन) घालून फवारतो.

माणसाच्या शरीरातली रसायनं निराळी. पण निरोप येत राहिला तरच टिकायचं, हा रिवाज तिथंही आहे. पेशींना जगण्याचा निरोप देणाऱ्या प्रथिनांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. त्यांतलं ईजीएफ म्हणजे अवघ्या ५३ अमिनो आम्लांची साखळी. ते स्टॅन्ली कोहेन यांनी शोधलं, आणि रिटा लेवी-मोंताल्चिनी यांच्यासोबत त्यांना १९८६चं नोबेल मिळालं.

ईजीएफ पेशीच्या आत शिरत नाही. पेशीच्या पृष्ठभागावरच्या, निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, म्हणजे रिसेप्टरला चिकटतं. दोन रिसेप्टर जोडीनं येतात, आत पीआय३के आणि मग एकेटी ही एन्झाइमं जागी होतात. एकेटी ‘बॅड’ नावाच्या, मरणाकडे ढकलणाऱ्या प्रथिनाला फॉस्फेट लावून गप्प बसवतं. (नाव खरंच बॅड आहे.) निरोप थांबला की बॅड मोकळं सुटतं. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाला भोकं पडतात, त्यातलं सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर येतं, आणि पेशी मोडणारी एन्झाइमं, आधी कॅस्पेज ९ आणि पाठोपाठ कॅस्पेज ३, कामाला लागतात. पेशी आक्रसते, डीएनएचे तुकडे होतात. या मरणाला १९७२ साली नाव दिलं गेलं, अपोप्टोसिस. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गळून पडणं.

[दृश्य : प्रयोगशाळा. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा इन्क्युबेटर.]

हे डोळ्यांनी बघायचं तर पेशींना उपाशी ठेवतात. १० टक्के सीरमचं (रक्तातल्या, ग्रोथ फॅक्टर असलेल्या द्रवाचं) माध्यम काढायचं, बफरनं दोनदा धुवायचं, बिनसीरमचं माध्यम घालायचं. धुणं आळसात उरकलं तर उरलेल्या सीरमवर पेशी निवांत जगतात. डिश गच्च भरलेली असली, तरी शेजारच्या पेशींनी सोडलेले ग्रोथ फॅक्टर पुरतात.

पण सगळ्यात मोठी चूक दुसऱ्या दिवशी होते. मरणाऱ्या पेशी तळ सोडून माध्यमात तरंगतात. नवखा विद्यार्थी ते माध्यम ओतून देतो आणि तळाच्या पेशी मोजतो. म्हणजे उत्तरच सिंकमध्ये गेलं. तरंगणाऱ्याही गोळा करायच्या, मगच मरणाऱ्या पेशी ओळखणारं अ‍ॅनेक्सिन व्ही लावायचं. त्याला कॅल्शियम लागतं. म्हणून तळाच्या पेशी सोडवायच्या ट्रिप्सिनसोबतचं ईडीटीए, जे कॅल्शियम पकडून ठेवतं, ते आधी धुऊन काढायचं.

कर्करोगाच्या बऱ्याच पेशी या उपासाला दाद देत नाहीत. काही स्वतःच ग्रोथ फॅक्टर बनवतात. काहींमध्ये पीटेन हे ब्रेक लावणारं प्रथिन नाहीसं झालेलं असतं, त्यामुळं वरून निरोप येवो न येवो, एकेटी चालूच. स्तनाच्या काही कर्करोगांत हर२ या रिसेप्टरची जनुकं दोनाच्या जागी कितीतरी होतात आणि पेशीवर रिसेप्टरांची दाटी होते. हर२ला तर निरोप्याचीही गरज नसते, दाटीतच जोड्या जुळतात.

त्यावर औषध ट्रास्टुझुमॅब, हर२ला चिकटून त्याचा निरोप रोखणारं प्रतिपिंड. पहिला डोस किलोमागे ८ मिलिग्रॅम, पुढं दर २१ दिवसांनी ६. हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून दर तीन महिन्यांनी इको. पीटेन गेलेलं असेल तर औषध थिटं पडू शकतं. दार बंद केलं, पण आतला दिवा जळतोच आहे.

[दृश्य : प्लास्टिकची बरणी, आत बायोप्सीचा तुकडा.]

औषध द्यायचं की नाही, हे या तुकड्यावर ठरतं. पेशीवर हर२ किती दाट आहे, हे रंगवून बघतात : ३+ आली तर द्यायचं, २+ आली तर जनुकाच्या प्रती मोजणारी ‘फिश’ चाचणी करायची. तुकडा तासाभरात १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन या टिकवणाऱ्या द्रवात हवा, आणि फॉर्मलिन तुकड्याच्या दहापट. फॉर्मलिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत जातं, म्हणून मोठी गाठ असेल तर आधी काप द्यायचे. फॉर्मलिनमध्ये सहा तासांपेक्षा कमी नको, ७२ पेक्षा जास्त नको. किनवटहून छत्रपती संभाजीनगरला निघालेली बरणी सलाइननं भरलेली असेल, तर तुकडा वाटेतच सडायला लागतो आणि चाचणीचा भरवसा उरत नाही.

[दृश्य : बरणीवरचं लेबल, अगदी जवळून.]

नावाखाली दोन वेळा लिहायच्या असतात : तुकडा काढल्याची आणि फॉर्मलिनमध्ये टाकल्याची. या लेबलवर दुसरी जागा कोरी आहे.