भाडं मालाची किंमत बघत नाही

नमस्कार श्रोतेहो.

एकाच दिवशी कांदा सोलापुरात एका भावानं जातो, लासलगावात दुसऱ्या आणि हैदराबादेत तिसऱ्याच. व्यापारी लुटतात, हे त्याचं उत्तर आपल्याकडे तयार असतं. कधी कधी ते खरंही असतं म्हणा! पण आज बोलायचंय ते भाड्याबद्दल.

गाडीभाडं, हमाली, तोलाई हे सगळं लागतं वजनावर नाहीतर पिशवीवर. आतला माल महाग की स्वस्त, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. फेब्रुवारी 2023 मधली आपल्याच सोलापूरच्या बाजारातली ती गाजलेली पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, आठवा. कांदा 512 किलो, भाव किलोला 1 रुपया, म्हणजे 512 रुपये झाले. खर्च वजा जाता उरले 2 रुपये 49 पैसे, आणि शेतकऱ्याच्या हातात पडला 2 रुपयांचा चेक. हाच कांदा 20 रुपयांनी गेला असता, तर दहा हजारांतून पाचशे कापले गेले असते, आणि त्याची कुणी चर्चाही केली नसती.

म्हणजे भाव पडला की माल लांब न्यायला परवडत नाही. इथं ढीग लागतात, आणि तिकडं दूरच्या गावात तोच कांदा महागच असतो. त्यातून डिसेंबर-जानेवारीत येणारा आपला लाल कांदा पाणीदार, टिकत नाही. आलेल्या भावाला द्यावाच लागतो. उन्हाळी कांदा चार-पाच महिने कांदा साठवायच्या चाळीत थांबू शकतो, म्हणून त्याला थोडी तरी मिजास करता येते. डाळिंबाचं बरं आहे. किलोला किंमत चांगली, सालही जाड, त्यामुळं दिल्लीपर्यंतचं भाडं ते सहज पेलतं. मेथीच्या जुडीचं तसं नाही. सकाळी मंडईत आली की संध्याकाळपर्यंत ती जवळपासच खपायला हवी.

आणखी एक. मोबाईलवर 'सोलापुरात कांद्याला इतका भाव' असं फिरतं, तो बहुतेकदा कमाल दर असतो, निवडक चार पिशव्यांना मिळालेला. तो वाचून कर्नाटकापासून गाड्या निघतात, आणि दुसऱ्या दिवशी आवक इतकी होते की लिलाव कोसळतो. गाडी भरण्याआधी बाजारभावात सर्वसाधारण दर बघा, आणि त्याच्या शेजारचा आवकेचा आकडाही.


नमस्कार.