दोन टक्क्यांचा ढाळ

अध्यक्षमहोदय आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय, 'गोल्फमधील ग्रीनचा वेग, उतार आणि पटिंग'. हे वाचूनही तुम्ही आलात, म्हणजे एकतर तुम्ही माझे नातेवाईक आहात, नाहीतर नंतरच्या फराळाची बातमी फुटलेली आहे. दोन्ही पक्षांचं स्वागत. गोल्फ खेळणाऱ्यांनी जरा हात वर करा बघू. तिघं. त्यातले एक डोकं खाजवत होते, म्हणजे दोघं.

हरकत नाही. होल म्हणजे चेंडू घालायचा खड्डा, ग्रीन म्हणजे त्याच्याभोवतीचं बारीक कापलेलं गवत, आणि पट म्हणजे तिथे चेंडू जमिनीवरून होलकडे ढकलायचा फटका. बडोदेकराला गोल्फ ठाऊक नसला तरी मैदान ठाऊक असतं. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात महाराज प्रतापसिंहरावांनी ते युरोपियन पाहुण्यांसाठी करून घेतलं, आणि नव्वदच्या दशकात समरजितसिंहांनी नव्याने घडवून बाहेरच्या लोकांना खुलं केलं. त्यामुळे 'साहेबाचा खेळ' म्हणून नाक मुरडायची सोय आता उरलेली नाही. आजही तिथे सर्वात ऐटीत कोण चालत असेल तर मोर. ग्रीनवरून आडवा जातो आणि तुमचा पट व्हायची वाट बघत नाही.

आता मुद्द्याकडे. म्हणजे मुद्द्याच्या आसपास. अठरा होलचा पार, म्हणजे अपेक्षित फटक्यांचा आकडा, साधारण 72 असतो. हा आकडा काढताना प्रत्येक ग्रीनवर दोन पट धरलेले असतात. अठरा दुणे छत्तीस. म्हणजे बरोबर निम्मा खेळ त्या एवढ्याशा हिरव्या तुकड्यावर, चेंडू जमिनीवरून सरपटत असताना होतो. आणि गप्पा कशाच्या? ड्रायव्हर, म्हणजे लांब मारायची काठी, कुठली घेतली, किती यार्ड मारला. जमिनीबद्दल अवाक्षर नाही.

क्रिकेटवाले बघा. सामना सुरू व्हायच्या आधी एक माणूस खेळपट्टीवर उकिडवा बसून किल्ली खुपसतो आणि सगळा देश ऐकतो. 1947 साली रणजीच्या अंतिम सामन्यात विजय हजारे आणि गुल महंमद यांनी याच गावात चौथ्या गड्यासाठी 577 धावा केल्या, 288 आणि 319. समोर होळकर संघ होता. इंदूरचे कुणी पाहुणे आले असतील तर त्यांनी मनाला लावून घेऊ नये, एकोणसाठ वर्षांनी, 2006 मध्ये, श्रीलंकेच्या जोडीने तो विक्रम मोडला आहे. पण त्या सामन्याची गोष्ट सांगताना आमचे आजोबा धावांच्या आधी खेळपट्टीचं वर्णन करायचे! गोल्फमध्ये ही रीत नाही, हे माझं जुनं दुखणं आहे.

दुसरं दुखणं बाथरूमचं. हसू नका, संबंध आहे.

आयुष्यभर मी डंपी लेव्हल या जमिनीची पातळी मोजायच्या दुर्बिणीतून स्टाफ, म्हणजे आकड्यांची उभी पट्टी, वाचत आलो. कालवे, रस्ते, गटारं, जे म्हणाल ते. निवृत्तीनंतर घराचं काम काढलं. बाथरूम आठ फुटांची. मिस्त्रीला सांगितलं, बाबा, ऐंशीला एक ढाळ ठेव. म्हणजे आठ फुटांत सव्वा इंच. दारापाशी उंच, नहाणी ट्रॅपच्या जाळीपाशी खाली. तो म्हणाला, "साहेब, चिंता ना करो." हे वाक्य ऐकलं की चिंता सुरू करावी.

काम झालं. मी दारात उभा राहून पाहिलं. फरशी छान जाळीकडे उतरताना दिसत होती. मिस्त्री म्हणाला, "जुओ साहेब, ढाळ बरोबर छे." मीही मान डोलावली. आमच्या हिने काही न बोलता तांब्याभर पाणी आणून मधोमध ओतलं. पाणी क्षणभर थबकलं, आणि जाळीकडे पाठ फिरवून निघालं ते दाराकडे. उंबऱ्यावरून पायपुसण्यात. मिस्त्री पाण्याकडे अशा नजरेने बघत होता की जणू पाण्याचंच काहीतरी चुकलंय.

मग मी पाणसळ लावली, लेव्हल पाईप धरला. तेव्हा मेख कळली. गड्याने भिंतीच्या टाइल्स आधी लावल्या होत्या आणि त्यांच्या आडव्या रेघाच जाळीच्या बाजूला वर चढलेल्या होत्या. एका कोपऱ्यातून दुसऱ्यापर्यंत चांगला दोन इंच फरक. फरशीही त्याच बाजूला वर चढत होती, पण रेघांपेक्षा कमी. डोळ्याने त्या रेघा सपाट धरल्या, आणि त्यांच्या मानाने फरशी खाली जातेय असं ठरवून टाकलं. कंत्राटदाराला फोन केले. तो आधी साइटवर होता, मग गावाला होता, मग लग्नात होता. शेवटच्या बिलात मात्र 'बाथरूम फिनिशिंग' ही ओळ ठळक होती. आता आमच्याकडे वायपर आहे. पाहुणे आंघोळ करून आले की तो त्यांच्या हातात देतो.

तर मंडळी, ग्रीनवर अगदी हेच होतं. ग्रीनच्या मागे उंचवटा असतो, एका अंगाला झाडांची रांग असते, सगळं मैदानच कुठेतरी झुकलेलं असतं. या मोठ्या उताराच्या पोटात एक छोटा, सौम्य उतार असतो. डोळा मोठ्याला सपाट धरतो, मग छोटा उलटा दिसतो. चढ आहे म्हणून तुम्ही जोर लावता आणि चेंडू होलला रामराम न करता पलीकडे जातो. दोन टक्के, म्हणजे शंभर फुटांत दोन फूट, एवढा ढाळ डांबरी रस्त्याला पाणी काढायला मधून कडेला देतात. त्यावरून तुम्ही रोज स्कूटर चालवता, कधी दिसला?

यावर आमच्या मैदानावरच्या एका जुन्या कॅडीचा, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणाऱ्याचा, सिद्धान्त आहे. तो म्हणतो, काहीही दिसो, चेंडू विश्वामित्री नदीकडे वळतो. नवा मेंबर आला की त्याला हे ब्रह्मवाक्य ऐकवलं जातं. जगातल्या बहुतेक मैदानांवर असं काहीतरी सांगतात, कुठे समुद्र, कुठे तळं. नदीला चेंडूची ओढ नसते, मगरींना असली तर माहीत नाही. पण सिद्धान्त अगदी टाकाऊही नाही. जमिनीचं पाणी शेवटी नदीकडेच जातं, म्हणजे एकूण कल तिकडे असणार, आणि आत्ताच सांगितलं तसा एकूण कल डोळ्याला दिसत नाही. म्हणून विश्वामित्री आठवणं हा बरा उपाय आहे. त्याहून बरा उपाय म्हणजे पाय. डोळे फसतात, तळपाय कमी फसतात. मार्क स्वीनी यांनी बसवलेल्या एमपॉइंट पद्धतीत खेळाडू पटच्या रेषेवर पाय फाकून उभा राहतो, कुठल्या पायावर भार जास्त येतो ते ओळखतो, टक्के ठरवतो आणि तेवढी बोटं डोळ्यासमोर धरून नेम घेतो. अ‍ॅडम स्कॉटला टीव्हीवर बोटं दाखवताना पाहिलं असेल, तो कुणाला खुणावत नसतो.

हा झाला उतार. आता वेग, आणि इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. 1935, अमेरिकेत ओकमाँट, यू. एस. ओपन. ओकमाँटची ग्रीन्स तेव्हाही कुप्रसिद्ध होती. जीन साराझेनसारख्या अव्वल खेळाडूचा पट ग्रीनवरून घरंगळत थेट बाहेर बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, गेला. प्रेक्षकांत एडवर्ड स्टिंपसन नावाचा मॅसॅच्युसेट्सचा हौशी विजेता होता. इतर लोक हळहळले. याच्या डोक्यात आलं की ही ग्रीन्स वाजवीपेक्षा वेगवान आहेत, पण हे सिद्ध कसं करायचं? घरी जाऊन त्याने लाकडाची एक पन्हळ केली. त्या स्पर्धेत जिंकला कोण? सॅम पार्क्स, त्याच भागातला क्लब-प्रोफेशनल. चार फेऱ्यांत 299, आणि तीनशेच्या आत आलेला तो एकटाच. बाकीचे नावाजलेले होते, याला ग्रीन्स माहीत होती.

स्टिंपसनची पन्हळ मग चाळीसेक वर्षं फारशी कुणी विचारली नाही. 1976 मध्ये अमेरिकन गोल्फ असोसिएशनच्या फ्रँक थॉमस यांनी ती अ‍ॅल्युमिनियमची केली आणि तिला स्टिंपमीटर हे नाव रूढ झालं. यंत्र म्हणावं असं त्यात काही नाही. तीन फूट लांबीची पन्हळ, खालच्या टोकापासून तीस इंचांवर एक खाच. खाचेत चेंडू ठेवायचा, पन्हळीचं खाचेकडचं टोक हळूहळू उचलायचं. साधारण वीस अंशांना चेंडू आपण होऊन सुटतो. कुणाचाही हात असो, खाली पोचताना त्याचा वेग तोच, सेकंदाला सुमारे 1.83 मीटर. पुढे सपाट ग्रीनवर तो जितके फूट जाईल तो तुमच्या ग्रीनचा आकडा. तीन चेंडू इकडून, तीन तिकडून, सरासरी. सत्तरच्या दशकात अमेरिकेतली मैदानं मोजली तेव्हा सरासरी साडेसहाच्या आसपास निघाली. आज चांगल्या क्लबात 10 सहज असतो, मोठ्या स्पर्धांत 12, 13 आणि वर.

आपल्याकडे उन्हाळी हवेत ग्रीनवर बर्म्युडा लावतात. म्हणजे आपल्या दूर्वेचीच भावंडं, मोअरने तीन-चार मिलिमीटरवर कापलेली. गणपतीला वाहायला मागू नका, माळी अंगावर येतो. ती जमिनीलगत एका दिशेला लवते. चमकती बाजू दिसली तर गवत तुमच्या पुढे लवलंय, चेंडू धावेल. काळपट दिसली तर अडेल. सकाळी दव असलं की हळू, दुपारी रोलर फिरवून सुकलं की वेगवान, पावसाळ्यात तर

ही चिठ्ठी आली आहे. 'सात मिनिटं.' घड्याळ लावून बोलवायचं तर प्रवचनकारांना बोलवावं. असो. पावसाळा गाळतो. ज्यासाठी आलो ते सांगतो, आणि भराभर सांगतो.

लोक समजतात की वेग ही एक अडचण आणि उतार ही दुसरी, दोन्ही असल्या की बेरीज. माझं सांगणं एवढंच की बेरीज नाही, गुणाकार आहे. स्टिंपमीटरचा चेंडू घ्या, सुटतानाचा वेग तोच. दोन टक्के उतारावर एकदा चढाला सोडा, एकदा उताराला. ग्रीनचा आकडा 7 असेल तर चढाला सुमारे 6 फूट जाईल, उताराला साडेआठ. फरक अडीच फूट. आकडा 10 केला तर 8 आणि साडेतेरा, फरक साडेपाच. आकडा 13 केला तर पावणेदहा आणि साडेएकोणीस. फरक जवळजवळ दहा फूट! उतार तोच, कुणी जमिनीला हात लावलेला नाही, फक्त गवत बारीक कापलंय. वेग दुपटीलाही पोचला नाही आणि फरक जवळपास चौपट.

कारण शाळेतलंच आहे. गवताचा अडथळा चेंडूला थांबवतो, गुरुत्व उताराला त्यातून वजा होतं, चढाला मिळवलं जातं. गवताचा अडथळाच कमी केलात तर त्यातून वजा झाल्यावर उरतं काय? 10 च्या ग्रीनवर साधारण 8 टक्के उताराला, 13 च्या ग्रीनवर 6 टक्क्यांनाच, बाकी शून्य येते. तिथे सुटलेला चेंडू थांबतच नाही. जुनी ग्रीन्स सहा-सातच्या वेगासाठी बांधलेली, तेव्हा त्यांचे उतार गोड वाटायचे. त्यांच्यावर आज 12 चा वेग लादला की काय होतं? 1998 च्या यू. एस. ओपनमध्ये ऑलिंपिक क्लब नावाच्या मैदानावर पेन स्ट्युअर्टचा छोटा पट होलाजवळून चुकला आणि हळूहळू पंचवीसेक फूट खाली गेला, तो नुसता बघत उभा. 2004 मध्ये त्याच स्पर्धेत शिनेकॉक मैदानावर सातव्या ग्रीनवर गटागटांच्या मध्ये पाणी मारावं लागलं. 2018 मध्ये त्याच मैदानावर फिल मिकलसन चालत्या चेंडूमागे धावला आणि तो थांबायच्या आतच उलटा टोलवला, दोन फटक्यांचा दंड. त्याचं समर्थन करत नाही. पण त्या माणसाला माझी बाथरूम दाखवावीशी वाटते.

आडव्या उताराचंही तेच. वेगवान ग्रीनवर तेवढ्याच अंतराला चेंडू हळू मारावा लागतो, तो जास्त वेळ वाटेत राहतो, म्हणून जास्त वळतो. आणि वळण बहुतेक शेवटी, चेंडू मंदावल्यावर येतं. हौशी खेळाडू ते कमी धरतो आणि होलच्या खालच्या अंगाने चुकतो. खालून गेलेला चेंडू परत वर येत नाही.

होलचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे 108 मिलिमीटर. पण तेवढा सगळा हळू चेंडूलाच मिळतो. सपाट ग्रीनवर सेकंदाला 1.63 मीटरच्या वर वेग असेल तर चेंडू अगदी मधोमध आला तरी उडी मारून पलीकडे जातो. म्हणून चढाचा पट निर्धास्त मारा, चुकला तरी लगेच थांबतो. उताराचा पट असेल तर होल विसरा, अलीकडची एखादी जागा धरा, तिथपर्यंत पोचवा, पुढचं काम उतार करेल. आणि ग्रीनवर यायचंच तर होलच्या खाली या, म्हणजे उताराचा पट मारायची वेळच...

दुसरी चिठ्ठी. यात 'चहा निवतोय' असं लिहिलंय. ग्रीन उतरतं असेल तर स्टिंपमीटरची सरासरी कशी काढायची ते राहिलं. नेहमीची सरासरी नको, दोन्ही अंतरांचा गुणाकार दुप्पट करून बेरजेने भागा, ज्यांना हवं त्यांनी खाली बशी घेऊन माझ्याकडे या. मघाशी डोकं खाजवणारे गृहस्थही या, तुम्हाला शनिवारी सकाळी मैदानावर नेतो.