तालमीत शिकवलेली मैत्री

हे जे दगडी पाये दिसतायत ना, ही अथेन्समधली लायसियमची तालीम. पोरं इथं अंगाला तेल लावून कुस्ती खेळायची, आणि ते बाजूचे न्हाणीचे हौद नंतरचे, रोमन काळातले. १९९६ मध्ये म्युझियम बांधायला म्हणून इथं खणायला घेतलं आणि हे सगळं वर आलं, मग म्युझियम दुसरीकडे न्यावं लागलं.

इ.स.पू. ३३५ च्या सुमारास ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल इथं शिकवायला लागला. मूळचा उत्तरेकडच्या स्टॅगिराचा, त्यामुळे अथेन्समध्ये शेवटपर्यंत परका, स्वतःच्या नावावर जमीनसुद्धा घेता येत नव्हती. त्याच्या ‘निकोमाखियन एथिक्स’ या नीतीवरच्या ग्रंथाचे दहा भाग आहेत, त्यात न्यायाला एक आणि मैत्रीला अख्खे दोन!

कामापुरती मैत्री, मजेपुरती मैत्री, हे प्रकार तो पटकन उरकतो. तिसरी मात्र माणूस चांगला आहे म्हणून जडलेली, आणि तिला वेळ द्यावा लागतो. सोबत बसून मीठ खाल्ल्याशिवाय माणूस कळत नाही, ही तेव्हाची म्हण तो सांगतो.

मग नवव्या भागात तो लोकांच्या एका ठाम समजुतीला हात घालतो. स्वतःवर प्रेम करणारा तो आपमतलबी, असं सगळेच म्हणतात. तो म्हणतो, पैसा, मानपान, चैन यातला मोठा वाटा जो स्वतःकडे ओढतो त्याला खुशाल नावं ठेवा. पण जो मित्रासाठी पैसा सोडतो, पद सोडतो, वेळ आली तर जीवही देतो, त्यानं स्वतःकडे काय ठेवलं? चांगलं वागणं, म्हणजे सगळ्यात मोलाचं तेच ठेवलं की! मग स्वतःवर खरं प्रेम कोणाचं? कधी कधी तर असा माणूस चांगलं काम करायची संधीसुद्धा मित्राला देऊन टाकतो.

याच्या उलट वाईट माणूस. त्याला एकट्यानं बसवत नाही, आपणच केलेलं आठवत राहतं, म्हणून तो सारखा कोणाची तरी सोबत शोधतो. हे वर्णन मला फार खरं वाटतं. स्वतःशीच पटत नसेल तर मित्राला देणार काय, कारण ॲरिस्टॉटलच्या लेखी मित्र म्हणजे दुसरा आपणच.

त्यानं हे नुसतं शिकवलं नाही. हर्मियास हा त्याचा मित्र, आताच्या तुर्कस्तानातल्या अटार्नियसचा सत्ताधीश, त्याला पर्शियनांनी पकडून मारलं तेव्हा ॲरिस्टॉटलनं त्याच्यावर कविता लिहिली, पुढे तीच कविता पुढे करून अथेन्समध्ये त्याच्यावर देवधर्माच्या अपमानाचा आरोप झाला, तो शहर सोडून खाल्किसला गेला आणि इ.स.पू. ३२२ मध्ये तिथंच वारला.