मनगटावरचा हिरवा दिवा

(दृश्य: हर्णै बंदर. संध्याकाळचा लिलाव, मागे सुवर्णदुर्ग.)

हर्णैला मासळीचा लिलाव रंगात आला की पुळणीवर पाय ठेवायला जागा नसते. या गर्दीत हल्ली एखाद्या म्हाताऱ्या मनगटावरही स्मार्टवॉच दिसतं. गणपतीला आलेला मुलगा मुंबईला परतताना ते बांधून जातो. "बाबा, हे हृदयावर लक्ष ठेवतं," म्हणतो. यात खरं किती?

(दृश्य: घड्याळाची मागची बाजू, लुकलुकणारा हिरवा दिवा.)

रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की मनगटातलं रक्त क्षणभर वाढतं आणि परत येणारा प्रकाश घटतो. त्यावरून घड्याळ दोन ठोक्यांमधलं अंतर मोजतं. ते पुन्हा पुन्हा अनियमित आलं, तर सूचना देतं.

ही सूचना मुख्यतः एकाच आजारासाठी असते, एट्रियल फिब्रिलेशनसाठी. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. तिथे रक्ताची गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली की माणसाच्या अंगावरून वारं जातं. पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो, आणि कित्येकांना त्याआधी साधी धडधडही जाणवलेली नसते.

अमेरिकेत अ‍ॅपलच्या घड्याळावर मोठा अभ्यास झाला, २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. भाग घेतलेले ४ लाख १९ हजार, सूचना मिळालेले जेमतेम अर्धा टक्का. पासष्टीच्या पुढच्यांमध्ये मात्र ३ टक्क्यांहून थोडे जास्त. सूचना मिळालेल्यांपैकी काहींनी नंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावली, त्यातल्या ३४ टक्के लोकांत हा आजार दिसला. बाकीच्यांना तो नव्हताच, असं नाही. हा आजार येतो, जातो. पट्टी लावलेली असतानाच घड्याळाने सूचना दिली, तेव्हा ती ८४ टक्के वेळा बरोबर ठरली.

(दृश्य: होडीवर जाळं ओढणारे हात.)

पण हे हात बघा. हात हलत असताना, पट्टा सैल असताना ही तपासणी नीट होत नाही. त्यामुळे दिवसभर जाळ्याशी झुंजणाऱ्या माणसाने घड्याळ रात्री झोपताना घालावं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नेमकं तेव्हाच ते चार्जिंगला लावलेलं असतं! शिवाय स्वस्तातली बरीच घड्याळं नुसते ठोके मोजतात, लय तपासत नाहीत. घेण्याआधी विचारा.

काही घड्याळांत ईसीजीही निघतो. दुसऱ्या हाताचं बोट ३० सेकंद टेकवायचं. रुग्णालयातल्या ईसीजीत बारा बाजूंनी नोंद होते, इथे एकाच. त्यामुळे हार्ट अटॅक या घड्याळाला कळत नाही. छातीत दुखतंय, घाम फुटलाय आणि घड्याळ गप्प आहे, म्हणून घरी थांबू नका. १०८ ला फोन करा.

(दृश्य: ग्रामीण रुग्णालय, ईसीजीचा कागद.)

सूचना आली तर घाबरून गोळ्या सुरू करू नका, आणि दुर्लक्षही नको. मोबाइलमधली नोंद घेऊन डॉक्टरांकडे जा, ईसीजी काढा. लहानपणी सांधेज्वर होऊन हृदयाची झडप बिघडली असेल, तर तेही सांगा. आपल्याकडे अशांना हा आजार तरुणपणीही गाठतो. रक्त पातळ करणारी गोळी हवी का आणि कोणती, हे वय, रक्तदाब, मधुमेह आणि झडपेची अवस्था पाहून डॉक्टर ठरवतील.