चेतातंतूला वाट कोण दाखवतं?

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो.

खुडूक कोंबडीखाली ठेवलेलं अंडं पाचव्या रात्री टॉर्चपुढे धरलं, तर आत लाल रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं आणि त्यात एक काळा ठिपका. तो पिल्लाचा डोळा. तोवर त्याच्या मज्जारज्जूत पहिले चेतातंतू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला पोचलेलेही असतात. तुमच्याआमच्या शरीरात हे आईच्या पोटातच घडतं. हे तंतू वाट कशी शोधतात, ते आज सांगते.

चेतापेशीतून निघणाऱ्या लांब तंतूला ॲक्सॉन म्हणतात. कारल्याच्या वेलाचा शेंडा मांडव चाचपत जातो, तसं त्याचं टोक पुढे जातं. १८९० मध्ये स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी कोंबडीच्या भ्रूणातच हे टोक ओळखलं आणि त्याला ग्रोथ कोन म्हटलं. त्यातून बारीक धागे निघतात, आखडतात, पुन्हा निघतात. वाटेतली काही प्रथिनं या टोकाला ओढतात, काही ढकलतात. ओढणारं प्रथिन ज्या बाजूला भेटतं, तिकडे टोकाच्या आतला ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचा सांगाडा जुळत जातो आणि टोक वळतं. ढकलणारं प्रथिन भेटलं की सांगाडा ढासळतो आणि टोक मागे सरतं.

मज्जारज्जूच्या पाठीकडच्या भागातून निघालेल्या तंतूला तिथलीच बीएमपी प्रथिनं खाली लोटतात, पोटाकडच्या मध्यरेषेतून नेट्रिन नावाचं प्रथिन ओढतं. कोंबडीच्या भ्रूणांचे हजारो मेंदू वापरून हे नेट्रिन १९९४ मध्ये वेगळं केलं गेलं. ते फक्त दुरून पसरतं असं बरीच वर्षं मानलं जाई. २०१७ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की वाटेवरच्या पेशींनी जागोजागी ठेवलेलं नेट्रिनही तितकंच मोलाचं आहे.

मग ओढ असलेल्या त्या मध्यरेषेवरच तंतू थांबत का नाही? मला यातला सगळ्यात विलक्षण भाग हाच वाटतो. त्याच रेषेवर स्लिट नावाचं ढकलणारं प्रथिनही असतं. ओलांडण्याआधी टोकाला ते फारसं जाणवत नाही. पलीकडे गेल्यावर स्लिट ओळखणारं रोबो हे ग्राही प्रथिन टोकावर वाढतं, नेट्रिनची ओढ संपते, आणि तंतू परत फिरत नाही.

नेट्रिन ओळखणारं ग्राही प्रथिन म्हणजे डीसीसी. त्याच्या जनुकात दोष असलेल्या काही माणसांत उजव्या हाताने बटण लावताना डावा हातही तशीच हालचाल करतो. लहान मुलांत असं थोडंफार दिसतं, ते वाढत्या वयात जातं. मोठेपणीही टिकलं तर मात्र तपासून घ्यावं.

आता शेतातली गोष्ट. कडबा कुट्टी, थ्रेशर किंवा विळ्याने हात कापला की आतला चेतातंतूही तुटू शकतो. कातडीला टाके पडतात, पण तंतू तुटलेलाच राहतो. म्हणून डोळे मिटायला लावून बोटाच्या दोन्ही कडांना कापसाचा पेळू टेकवून पाहा. एक कड बधिर लागली तर त्याच आठवड्यात नागपूर, सेवाग्राम, अकोला किंवा यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. शस्त्रक्रियेने तुटलेली टोकं जुळवली तर पुढच्या भागातल्या श्वान पेशी, म्हणजे चेतातंतूला वेढून असणाऱ्या आधार पेशी, रांगेत उभ्या राहून वाढीची प्रथिनं सोडतात आणि तंतूला जुन्या वाटेने नेतात. अंतर राहिलं तर तंतू तिथेच गुंता करतात, दुखरी गाठ होते.

पहिले तीन-चार आठवडे काहीच जाणवत नाही. पुढे वाढ दिवसाला सुमारे १ मिलिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत १८ सेंटिमीटर धरले तर सहा महिने. टाके भरल्यावर जखमेकडून बोटाकडे हलकी टिचकी मारत जा. झिणझिण्या जिथवर येतात तिथे पेनाने खूण करा, महिन्याने पुन्हा पाहा. खूण पुढे सरकली नाही तर डॉक्टरांना सांगा. तोवर ती बोटं तव्यापासून आणि फवारणी पंपाच्या तापलेल्या सायलेन्सरपासून जपा, कारण भाजलेलं कळणार नाही.