कवा हरवलं हुतं?

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, 'अद्भुत कथांतील ओसाड नगरी : रचना आणि तंत्र'. हे शीर्षक माझं नव्हे. मी कार्यवाहांना फोनवर एवढंच म्हणालो होतो की मनोऱ्यांच्या शहराबद्दल बोलेन. पण आता छापलंय म्हटल्यावर रचना आणि तंत्रही सांगतो, शेवटी. पाऊण तास आहे, पुष्कळ झाला.

तुम्ही सगळे लिहिणारे, त्यामुळे ते दृश्य तुम्हाला पाठच असेल. नायक घाट चढून वर येतो, धुकं विरतं आणि समोर आभाळात घुसलेले शंभर मनोरे! हजार वर्षांत तिथं माणसाचं पाऊल पडलेलं नाही. नायक आ वासतो. तुमच्या स्पर्धेच्या कथा तपासताना हे धुकं इतक्यांदा विरलं की मला सर्दी झाली. मी नोकरीभर पाणीपुरवठ्याचं काम केलं. नायक आ वासतो तेव्हा माझ्या मनात एकच येतं, चाळिसाव्या मजल्यावर पाणी कोण चढवत होतं? आमच्या सोसायटीत पंप बिघडला तर दुपारपर्यंत भाऊबंदकी सुरू होते. इथं चाळीस मजले!

पण पाण्याचं नंतर. आधी ते 'हजार वर्षांत पाऊल पडलेलं नाही' बघू. त्यावर माझा राग आहे, आणि तो मला महागात पडून आलेला आहे.

१९८३ सालची गोष्ट. आम्ही चार मित्र सह्याद्रीतल्या एका गडावर जायचो. गडाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं सभेला आली असली तर पंचाईत. उत्तरेच्या अंगाला कारवीचं रान माजलेलं. त्यात शिरलो तर आत खांबटाकं, कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. दोन खांब कोरून सोडलेले, पाणी काचेसारखं. माझ्याकडे टेप होताच. मी बुटांसकट आत उतरलो, लांबी-रुंदी घेतली, खोली घेतली. काठाच्या दगडावर अर्धा बोट खोल अशा चार-पाच खाचा होत्या, त्या वहीत 'प्राचीन खुणा' म्हणून उतरवून घेतल्या. घरी येऊन लेख लिहिला. एका वर्तमानपत्रानं तो छापला, मथळा 'हरवलेलं टाकं सापडलं', शेजारी माझा फोटो. आईनं कात्रण देवघराच्या वर लावलं.

महिन्याभरानं पुन्हा गेलो. टाक्याच्या काठावर एक बाई. डोक्यावर चुंबळ, बाजूला दोन कळश्या.

"काय बघताय दादा?"

मी म्हटलं, "मावशी, हे टाकं आम्ही शोधून काढलंय."

तिनं पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कवा हरवलं हुतं?"

मी गप्प. ती पुढं म्हणाली, "पल्याडचं पानी गुरांला, ह्ये प्यायला. मागल्या म्हैन्यात कुनी मेला बूट घालून उतरलावता. आठ दिस पानी गढूळ."

टेप माझ्या हातातच होता. तो मी हळूच पिशवीत टाकला. तिनं कळशी खाली सोडली आणि दोर काठावरून सरकत बरोबर त्या खाचेत जाऊन बसला. माझ्या प्राचीन खुणेत. तिच्या सासूनं, सासूच्या सासूनं दोर ओढून ओढून पाडलेली खाच ती. कात्रण मी त्याच रात्री काढलं. आई अजून विचारते, का काढलंस.

तेव्हापासून 'शोध लागला' हे शब्द वाचले की मी कळशी शोधतो. आपल्या अजिंठ्याचंच घ्या. एप्रिल १८१९, जॉन स्मिथ नावाचा मद्रास फौजेतला अधिकारी शिकारीला येतो, लेणी 'शोधतो' आणि दहाव्या लेण्याच्या खांबावर स्वतःचं नाव कोरतो. हरवलेल्या लेण्यांजवळच्या गावाचं नाव काय? लेणापूर!

आता खरं मनोऱ्यांचं शहर, कंबोडियातलं अंगकोर. हा शब्द म्हणजे आपलं 'नगर'च, ख्मेर, म्हणजे तिथल्या लोकांच्या, जिभेवर घोळून आलेलं. तिथल्या अंगकोर वाट या मोठ्या देवळाचा मधला मनोरा ६५ मीटर उंच, आणि बायोन या दुसऱ्या देवळाच्या मनोऱ्यांवर चारही दिशांना चेहरे. तुमच्या नायकाला याहून जास्त काय हवं? शाळेच्या पुस्तकातली गोष्ट अशी की जंगलानं गिळलेलं हे शहर आंरी मुओ या फ्रेंच माणसानं १८६० मध्ये शोधलं. मुओ किडे-फुलपाखरं गोळा करायला गेला होता. त्यानं तिथल्या लोकांना विचारलं, हे कुणी बांधलं? कुणी म्हणालं देवांच्या राजानं, कुणी म्हणालं राक्षसांनी, कुणी महारोगी राजानं, कुणी म्हणालं आपोआपच झालं. आपल्याकडे पांडवांनी एका रात्रीत लेणी खोदली आणि कोंबडा आरवला, त्यातलाच प्रकार. पण बघा, विचारायला माणसं होती! अंगकोर वाटमध्ये भिक्खू राहत होते, पूजा चालू होती. सोळाव्या शतकात ख्मेर राजानं तिथल्या कोऱ्या राहिलेल्या भिंतींवर शिल्पं कोरून घेतली. १६३२ मध्ये एक जपानी यात्रेकरू आला. हेच बुद्धाचं भारतातलं जेतवन विहार, असं समजून खांबावर शाईनं लिहून गेला. ठिकाण चुकलं, भक्ती चुकली नाही.

आणि यातली एक कळशी आपल्या गोव्यात आहे. १५८०च्या दशकात आंतोनियो दा मादालेना नावाचा पोर्तुगीज पाद्री अंगकोरला जाऊन आला. त्याची हकिकत दियोगू दू कोतू या इतिहासकारानं लिहून ठेवली. हा कोतू गोव्याच्या दप्तरखान्याचा रखवालदार. पाद्री पुढं १५८९ मध्ये जहाज फुटून बुडाला. राहिली कोतूची पानं, ती छापून यायला विसावं शतक उजाडलं. म्हणजे शहर हरवलं नव्हतं, कागद हरवला होता! सरकारी दप्तर सांभाळलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. आमच्या ऑफिसात अख्खं धरण हरवलं होतं. जागेवर होतं, पाणीही होतं, फक्त फाईल... असो. ती गोष्ट मोठी आहे.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. मग रचना आणि तंत्र, पळत पळत.

पहिलं, शहर एका रात्रीत ओसाड पाडू नका. शेजारच्या अयुथ्थयाच्या, म्हणजे आजच्या थायलंडमधल्या राज्याच्या, फौजांनी १४३१ मध्ये अंगकोर घेतलं आणि सगळं संपलं, असं पूर्वी सांगत. पण खंदकातला गाळ तपासला तर शहराच्या मध्यातली वस्ती चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच विरळ होत चाललेली. व्हिएतनाममधल्या जुन्या झाडांच्या वलयांवरून कळतं की चौदाव्या-पंधराव्या शतकांत दशकं दशकं दुष्काळ पडला आणि मधेच प्रचंड पाऊस. अंगकोरचा पश्चिमेचा तलावच आठ किलोमीटर लांब. अशी तलाव-कालव्यांची जाळी दुष्काळात गाळानं भरतात आणि पुरात फुटतात. एक फुटला की पुढच्यावर भार येतो, हे मला कुणी सांगायला नको. दरबार दक्षिणेला नदीच्या व्यापाराकडे सरकला. आधी जातात ते पालखीत बसणारे. शेतकरी कुठं जाणार, त्याचं शेत तिथंच. २०१२ मध्ये हेलिकॉप्टरमधून लेसर टाकून पाहिलं तेव्हा रानाखाली रस्ते, तळी, घरांची जोती दिसली. ओळीनं आखलेली.

दुसरं, मनोऱ्यात माणसं कशी राहतात ते येमेनच्या शिबामला बघा. हद्रामौतच्या खोऱ्यात मातीच्या विटांची सुमारे पाचशे उंच घरं, आजही नांदती. आपल्या मराठवाड्यातले चाऊस लोक मूळचे त्याच मुलखातले, निजामाच्या फौजेत आलेले. तिथं तळमजल्याला खिडकी नाही, धान्य आणि गुरं खाली, माणसं वर. मनोरा लिहिताना आधी कोठार लिहा, मग खिडकीतली राजकन्या.

तिसरं... हो, हो, संपवतो. तिसरं म्हणजे नायकाला वर पोचवा, धुकंही विरू द्या, हरकत नाही. पण मनोऱ्याच्या पायथ्याशी शेळ्या राखणारं कुणीतरी बसवा आणि त्याला एक वाक्य द्या. कुठलं ते तुम्हाला कळलंच आहे.

चाळिसाव्या मजल्यावरचं पाणी मात्र राहिलंच. माझ्याकडे त्याची आकृती काढलेली आहे, रहाटाची, तीन टप्प्यांत. चहाच्या वेळी ज्यांना बघायचीय त्यांनी या. आणि कार्यवाह, वरच्या मजल्यावरच्या नळाला पाणी नाहीये, मघाशी बघून आलो.