वहीचं शेवटचं पान

नमस्कार श्रोतेहो.

नववी-दहावीच्या वह्या तपासताना मी शेवटचं पान उघडून बघायचोच. तिथं हमखास सह्या गिरवलेल्या असायच्या. आडनावासकट, आडनाव गाळून, मध्ये आईचं नाव घालून, कधी इंग्रजीत, खाली दोन टिंबं देऊन. एका मुलीच्या भूगोलाच्या वहीत मी सतरा सह्या मोजल्या, आणि लाल शाईनं शेरा मारला, ‘वही स्वच्छ ठेवावी.’ तो शेरा मला आजही खुपतो.

‘आयडेंटिटी क्रायसिस’, म्हणजे ‘मी नेमका कोण?’ या प्रश्नाशी चाललेली झटापट. हा शब्द ज्यांच्यामुळे जगभर रुळला, त्या मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांची गोष्टही नावापाशीच अडते. जन्म १९०२ सालचा, जर्मनीतला. आई डेन्मार्कची, ज्यू. जन्मदाता कोण, हे त्यांना कधीच कळलं नाही. सावत्र वडील मुलांचे डॉक्टर. ते सावत्र आहेत हे घरच्यांनी बराच काळ लपवलं. पोरगा उंच, सोनेरी केसांचा. शाळेत ज्यू म्हणून चिडवायचे, आणि ज्यू मुलं म्हणायची, हा आपल्यातला दिसतच नाही. शाळा संपल्यावर हा काही वर्षं चित्रं काढत युरोपभर भटकला. आपल्याकडे याला ‘वाया गेला’ म्हणतात! पुढे १९३९ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, त्या वेळी ‘एरिक्सन’ हे आडनाव त्यांनी लावलं. म्हणजे सही पक्की व्हायला पस्तिशी उलटली.

त्यांच्याच विचारावर मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये काम केलं. तरुणांकडून त्यांना दोन गोष्टी जाणून घ्यायच्या होत्या: तू वेगवेगळे पर्याय धुंडाळलेस का, आणि काही ठरवलंस का? उत्तरांवरून चार अवस्था निघाल्या. मला त्यातल्या एकीबद्दलच बोलायचंय. धुंडाळलं काहीच नाही, पण ठरलंय सगळं. मी तिला ‘आयती ओळख’ म्हणतो.

आठ वर्षांच्या पोराला पाहुण्यांसमोर उभं करून आपण सांगतो, ‘हा आमचा डॉक्टर होणार.’ तो मान डोलावतो. पुढं सोळाव्या वर्षीही डोलावतोच. ना वाद, ना दार आपटणं. आदळआपट करणाऱ्या मुलाला पालक माझ्याकडे धरून आणायचे. या गुणी बाळाला मात्र कुणी आणत नसे. असाच एक माजी विद्यार्थी ‘नीट’च्या तिसऱ्या खेपेच्या वेळी भेटला. म्हणाला, ‘सर, मला हे आवडतं का, असं आधी कुणी विचारलंच नाही. आता सगळे विचारतात, तर मला सांगता येत नाही.’

तेव्हा ‘पुढे काय होणार?’ हा प्रश्न थोडे दिवस माळ्यावर टाका. त्याऐवजी विचारा, ‘आज कशात वेळ कसा गेला ते कळलं नाही?’ तबला तीन महिन्यांत सोडला, ढोलपथकात नाव घातलं, तर ‘फी भरली होती’ हे एकदाच म्हणा, रोज नको. आणि ‘आपल्यात असं करत नाहीत’ हे वाक्य तोंडाशी आलं, की आपण कोण, का करत नाही, हे नीट सांगायची तयारी ठेवा. पोरं विचारणारच, आणि कधी कधी आपल्याकडे उत्तर नसतं. याचा अर्थ मोकाट सोडा असा नव्हे. लायसन्सशिवाय गाडी नाही म्हणजे नाही. रात्री घरी यायची वेळही ठरलेली हवी. केस मात्र त्यांचे आहेत.

ती सतरा सह्यांची मुलगी अठरा पूर्ण झाल्यावर बँकेत भेटली. खात्याचा फॉर्म पुढ्यात, पेन हातात, आणि अडलेली. मला बघून हसली. ‘सर, इथं केलेली सही नंतर बदलता येते का हो?’

म्हटलं, ‘येते की. एक अर्ज द्यावा लागतो.’